दत्तक कोणी कोणाला घ्यायचे?

२०२२च्या मार्चमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने देशातल्या वैद्यकीय महाविद्यालयांना नव्या अभ्यासक्रमाबद्दल कळवले. त्यात 'कुटुंब दत्तक कार्यक्रम' होता. २०२१-२२च्या तुकडीपासून एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याने खेड्यातली तीन ते पाच कुटुंबे आपली मानायची, पहिल्या वर्षापासून त्यांच्याकडे जात राहायचे, त्यांची दुखणीखुपणी नोंदवायची आणि शिकता शिकता त्यांना आरोग्याच्या व्यवस्थेशी जोडून द्यायचे, अशी ही योजना आहे. हेतू उघड आहे. शहरातल्या रुग्णालयात खाटेवर पडलेला माणूस दिसतो, त्याचे घर दिसत नाही. घर पाहिल्याशिवाय माणूस कळत नाही, आणि माणूस कळला नाही तर औषध लिहून दिले तरी ते पोटात जाईल याची खात्री नसते.

योजनेच्या नावातला 'दत्तक' हा शब्द मात्र मला अडतो. आपल्याकडे दत्तक जातो तो मुलगा. तो घर बदलतो, नाव बदलतो, नव्या घरच्या कुळाचाराला बांधला जातो. घेणाऱ्याचे घर तेच राहते. त्या हिशेबाने पाहिले तर चार दिवस गावात गेलेला विद्यार्थी गावाला दत्तक घेऊच शकत नाही. झालाच तर तो गावाला दत्तक जाईल. शब्दाचा कीस काढण्याची मला हौस नाही, पण महाराष्ट्रात अशा शिक्षणाचे जे प्रयोग झाले, त्यांतले काही का रुजले आणि काही का वाळले, हे शोधताना हाच प्रश्न वारंवार समोर आला. दत्तक कोणी कोणाला घेतले होते?

मी डॉक्टर नाही. जुने सरकारी अहवाल, संस्थांच्या स्मरणिका आणि रद्दीच्या दुकानात मिळणारी वैद्यकावरची पुस्तके जमवण्याचा नाद मला गेली पंचवीस-तीस वर्षे आहे. पुढचे विवेचन त्या ढिगातून आणि वर्धा, अहमदनगर, गडचिरोली या जिल्ह्यांतल्या माझ्या फिरण्यातून आले आहे.

मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. शिक्षण अर्थात इंग्रजीतून. १८६०च्या दशकात तिथे मराठी आणि गुजराती भाषेतून शिकवणारे वर्ग उघडले, कारण इंग्रजी शिकलेले मूठभर डॉक्टर गावोगाव पुरणार नाहीत, हे सरकारला कळले होते. या वर्गांतून निघालेल्यांचा दर्जा दुय्यम मानला गेला. पण रोग्याला 'काय होतंय' हे त्याच्या भाषेत विचारू शकणारे पहिले पाश्चात्त्य पद्धतीचे शिकलेले लोक हेच. या दुय्यम माणसांचा इतिहास आपण लिहिलेला नाही.

रोग्याचे घर न ओळखता रोगाशी लढायला गेले की काय होते, याचा धडा पुण्याने १८९७ साली घेतला. प्लेगचा फैलाव रोखण्यासाठी रँडच्या कमिटीने गोऱ्या सैनिकांना घराघरांत घुसवले. स्वयंपाकघर, देवघर, बाळंतिणीची खोली, काही म्हणून सुटले नाही. बायकांची तपासणी परक्या पुरुषांनी केली. रोगी आणि त्याचे नातेवाईक छावण्यांत नेले गेले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. हा प्रसंग आपण राजकीय इतिहासात शिकतो. वैद्यकाच्या इतिहासातही तो शिकवायला हवा. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करताना प्लेगनेच गेल्या. त्या वस्तीतल्या माणसांना दार ठोठावणारा हात ओळखीचा होता.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आला तो भोर समितीचा अहवाल. समिती १९४३ साली नेमली गेली, अहवाल १९४६ साली आला. अध्यक्ष सर जोसेफ भोर हे जन्माने नाशिकचे. वैद्यकीय शिक्षणात प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक हा विषय असावा, विद्यार्थ्याने त्यात तीन महिने प्रशिक्षण घ्यावे, डॉक्टर हा 'सामाजिक वैद्य' व्हावा, ही भाषा या अहवालाने रूढ केली. आज प्रत्येक महाविद्यालयात जो सामुदायिक वैद्यक विभाग दिसतो, त्याचे मूळ इथे आहे.

पण याच अहवालाने दुसरेही एक काम केले. त्या वेळी देशात नोंदणी झालेले सुमारे ४७,५०० डॉक्टर होते आणि त्यातले जवळजवळ ३०,००० लायसेन्शिएट, म्हणजे पदवीपेक्षा लहान अभ्यासक्रम करून बाहेर पडलेले होते. पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलमधून, नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलमधून निघालेली ही माणसे तालुक्याच्या गावी दवाखाने थाटून बसत. समितीच्या बहुमताने हा वर्गच बंद करून एकाच दर्जाचा पदवीधर डॉक्टर घडवावा असे सुचवले. सहा सदस्यांनी विरोधी मत नोंदवले, ते बाजूला पडले. शाळांची महाविद्यालये झाली. दर्जा वाढला हे खरे, त्याबद्दल वाद नाही. मात्र जो डॉक्टर गावाच्या जवळचा होता तो संपवायचा, आणि जो दूरचा होता त्याला तीन महिन्यांत गाव शिकवायचे, असा हा व्यवहार झाला. पुढच्या पाऊणशे वर्षांतल्या बहुतेक योजना ही खोट भरून काढण्यासाठीच आखल्या गेल्या, असे माझे मत आहे.

सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाले. पहिली तुकडी साठ जणांची. देशातले हे ग्रामीण भागातले पहिले वैद्यकीय महाविद्यालय समजले जाते. संस्थापक डॉ. सुशीला नायर गांधीजींच्या वैद्यकीय सहायक होत्या, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकल्या आणि १९६२ ते ६७ केंद्रात आरोग्यमंत्री होत्या. महाविद्यालय काढून त्यात ग्रामीण विभाग जोडण्याऐवजी त्यांनी महाविद्यालयच खेड्यात नेले. प्रवेशासाठी गांधीविचारांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. विद्यार्थ्यांना खादी, शाकाहार, शुक्रवारची सर्वधर्म प्रार्थना, श्रमदान. सुरुवातीचे पंधरा दिवस गांधींच्या आश्रमातच शिबिर. मग प्रत्येक तुकडीला एक गाव आणि त्या गावात पंधरा दिवसांचा मुक्काम. प्रत्येकाच्या वाट्याला काही घरे येत आणि मुक्काम संपला तरी ती सुटत नसत. पुढची काही वर्षे महिन्या-महिन्याला तिथे जायचे असे.

या साऱ्यात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो मुक्काम. दिवसा सर्वेक्षण करून संध्याकाळी वसतिगृहावर परतणारा विद्यार्थी गावाचा पाहुणा नसतो, तो तपासनीस असतो. रात्री राहिले की पाणी कुठून येते, वीज किती वाजता जाते, संडासाला कुठे जायचे, हे त्याचेही प्रश्न होतात. तो गावावर अवलंबून राहतो. ही अडचणच त्याला शिकवते.

अशा एका मुक्कामी शिबिरात मी दोन दिवस नुसता ऐकत फिरलो. छापील अर्जावरचा पहिला प्रश्न कुटुंबप्रमुखाचे नाव. घरात एकटी म्हातारी. ती नवऱ्याचे नाव घेणार कशी? ती हसली, पदर तोंडाला लावला, आणि शेजारच्या पोराला हाक मारली. पोराने नाव सांगितले. दुसऱ्या राज्यातून आलेल्या मुलीला वाटले, आजींना ऐकू येत नाही. दुसरा प्रश्न, मुले किती? 'दोन.' अर्जावर दोन लिहिले गेले. जरा वेळाने अंगणात तिसरी आली, ती लेक. आपल्या बोलण्यात 'मुलं' म्हणजे लेकरे आणि 'मुलं' म्हणजे मुलगेही. सासरी गेलेल्या मुली मोजायच्या की नाहीत, आणि जन्मून गेलेले मूल मोजायचे की नाही, हे प्रत्येक घर वेगळे ठरवते. एका ओसरीवर मी 'चार झाले, दोन हायेत' असे उत्तर ऐकले. बालमृत्यूचा सगळा प्रश्न त्या चार शब्दांत होता, पण अर्जात त्यासाठी योग्य चौकट चार पाने पुढे होती. तिथे पोचेपर्यंत बाई चूल पेटवायला आत गेली होती.

पथ्याचेही तसेच. गोळ्या हातात पडल्यावर आपल्याकडचा रोगी हटकून विचारतो, 'पथ्य काय?' इंग्रजी पुस्तकातून शिकलेला विद्यार्थी म्हणतो, 'काही नाही, सगळं खा.' त्याच्या दृष्टीने तो दिलासा देत असतो. ऐकणाऱ्याला वाटते, पथ्य नाही म्हणजे औषधात दम नाही. वाटीभर ताकाचे का होईना, पण पथ्य सांगणारा डॉक्टर गावात टिकतो. पपई उष्ण, केळे थंड, बाळंतिणीला पाणी कमी, पहिले चिकाचे दूध पिळून टाकायचे, पाचवीच्या रात्री सटवाई येते, गोवर उठला की देवी आली म्हणून घरात फोडणी द्यायची नाही. यातले काय निरुपद्रवी, काय हितकारक आणि काय जिवावर बेतणारे, हे वेगळे करता येणे म्हणजेच हे शिक्षण. गोवराच्या घरात फोडणी नसली म्हणून बिघडत नाही. चीक टाकला तर बाळाचे नुकसान होते. मेळघाटात पोटफुगीवर तापल्या विळ्याने बाळाच्या पोटावर डागणी देतात, ती थांबवलीच पाहिजे. पण तिन्हींना 'अंधश्रद्धा' या एकाच पिशवीत घातले की आई तिन्ही गोष्टी डॉक्टरपासून लपवू लागते.

सेवाग्रामच्या परिसरात या समजेतून उगवलेली एक गोष्ट मला फार आवडते. १९८०च्या आसपास तिथले वैद्यकशास्त्राचे अध्यापक डॉ. उल्हास जाजू यांनी आजूबाजूच्या गावांत आरोग्य विम्याची योजना उभी केली. हप्ता वर्षातून एकदा, सुगीच्या वेळी, ऐपतीप्रमाणे, आणि ज्वारीच्या रूपातही चाले. दरमहा हप्ता हा पगारदाराच्या कॅलेंडरमधून आलेला विचार आहे. शेतकऱ्याच्या हाती पैसा किंवा धान्य येते ते खळ्यावर. तेव्हा मागितले तर तो देतो, ज्येष्ठात मागितले तर देऊ शकत नाही. हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडेलही, पण तिथे ते गावात बसून सापडले.

सेवाग्रामची उणी बाजूही सांगायला हवी. इथून बाहेर पडलेले बरेच डॉक्टर इतरांसारखेच शहरात गेले. १९९०च्या दशकात संस्थेला पदव्युत्तर प्रवेशासाठी दोन वर्षांच्या ग्रामीण सेवेची अट घालावी लागली, यावरून केवळ संस्कारावर भिस्त ठेवून भागत नव्हते हे दिसते. शिवाय आश्रमाची संस्कृती आणि गावाची संस्कृती एक नव्हे. खादी घालून, मांसाहार वर्ज्य करून गावात गेलेला विद्यार्थी मटण शिजलेल्या घरात जेवू शकत नव्हता. विदर्भातल्या कित्येक घरांत पाहुण्याचा खरा मान त्याच हंडीत असतो.

सरकारी पातळीवरचा मोठा प्रयत्न थोडक्यात आटोपतो, कारण त्यात सांगण्यासारखे फारसे उरले नाही. श्रीवास्तव समितीने १९७५ साली वैद्यकीय शिक्षणाला समाजाकडे वळवण्याची शिफारस केली. १९७७ साली त्यासाठी योजना आली. प्रत्येक महाविद्यालयाने तीन विकासगट सांभाळायचे ठरले, फिरत्या दवाखान्यांच्या गाड्या मिळाल्या. गाडी गावात जाते आणि गाडी परत येते. तिच्यातून उतरलेला विद्यार्थीही परत येतो. गाव गाडीकडे औषधासाठी बघते, गाडी गावाकडे आकड्यांसाठी. योजना कागदावर बराच काळ जगली.

जामखेडची गोष्ट वेगळी, आणि तिने 'गावाची संस्कृती' या शब्दप्रयोगावरच प्रश्नचिन्ह लावले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेले दांपत्य १९७० साली जामखेडला आले. १९७०च्या दशकातल्या दुष्काळात हातपंप बसवताना त्यांनी जागा निवडल्या त्या दलित वस्तीत. पाणी हवे तर सवर्णांना तिथे जावे लागे. आरोग्याची कार्यकर्ती म्हणून त्यांनी गावातल्याच स्त्रिया घेतल्या. कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित. याच स्त्रिया पुढे देशोदेशींच्या डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना शिकवू लागल्या. पदवीधर खाली सतरंजीवर, आणि गावची बाई समोर बोलते आहे, असे वर्ग जामखेडला भरतात. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावाचा मान राखायचा म्हणजे पाटलाच्या वाड्यावर आधी चहा घ्यायचा, असे ज्यांना शिकवले जाते, त्यांनी त्या हातपंपाचा विचार करावा. गावात एक संस्कृती नसते. कोणाच्या ओसरीवर बसलो, यावर काय ऐकू येईल ते ठरते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली काम सुरू केले. रुग्णालय कसे असावे हे त्यांनी लोकांना विचारले, तेव्हा मिळालेली उत्तरे बंग दांपत्याने अनेकदा सांगितली आहेत. आमच्याकडे मेलेल्याला पांढऱ्या कपड्यात गुंडाळतात, तुमचे डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यात का? मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. देव कुठे आहे? मग झोपड्यांसारख्या खोल्यांचे, नातेवाइकांना सोबत राहता येईल असे रुग्णालय झाले आणि त्याला दंतेश्वरी मातेचे नाव मिळाले. याच ऐकण्यातून राणी बंग यांना बायका काय बोलत नाहीत तेही ऐकू आले. 'अंगावरून पांढरं जातं' हे वाक्य कुजबुजीत येई, डॉक्टरच्या टेबलावर येत नसे. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. हा अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. कुटुंबनियोजन सोडून ग्रामीण स्त्रीच्या शरीराकडे न बघणाऱ्या जागतिक आरोग्यधोरणाला त्याने धक्का दिला. बायकांची बोली समजणारी स्त्री डॉक्टर समोर बसली नसती, तर या आजारांना वाचा फुटणे कठीण होते.

योगायोग असा, की १९८९ सालीच अमेरिकेत टेरी क्रॉस आणि सहकाऱ्यांच्या अहवालाने 'सांस्कृतिक सक्षमता' ही संज्ञा चलनात आणली. वेगवेगळ्या वंशांच्या, भाषांच्या लोकांशी वागण्याचे कौशल्य व्यावसायिकांनी शिकावे, हा त्यामागचा विचार. लवकरच त्याच्या याद्या झाल्या. अमुक लोक डोळ्याला डोळा भिडवत नाहीत, तमुक लोकांना रक्त द्यायची भीती वाटते, वगैरे. १९९८ साली मेलनी टर्वालॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टरांनी या याद्यांवर आक्षेप घेतला. दुसऱ्याची संस्कृती कधी 'येत' नसते, म्हणून सक्षमतेऐवजी नम्रता म्हणा, असे त्यांनी सुचवले. न्यूझीलंडमध्ये इरिहापेटी रॅम्सडेन या माओरी परिचारिकेने त्याआधीच आणखी धारदार मुद्दा मांडला होता. परिचारिका चांगली वागली की नाही याचा निकाल परिचारिकेने नव्हे, रोग्याने द्यायचा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या परिचारिका परिषदेने हे तत्त्व शिक्षणात आणले.

आपल्याकडच्या नव्या कार्यक्रमात मला हाच दुवा निसटलेला दिसतो. विद्यार्थ्याची नोंदवही अध्यापक तपासतो, सही अध्यापकाची, गुण अध्यापकाचे. ज्या घरात तो तीन वर्षे जातो त्या घरातल्या बाईला कोणी विचारत नाही, की हा मुलगा कसा वागला, ऐकून घेतो का, त्याला तुमचे बोलणे समजते का. पदवीच्या सुरुवातीला स्थानिक भाषेची तोंडओळख २०१९च्या अभ्यासक्रमाने आणली, ही चांगली गोष्ट. पण ती प्रमाण मराठी असते. 'मले कसकस करून रायलं' याचा अर्थ तिथे कळत नाही, तो घरातच कळतो.

आणि वेळेचे काय? मुक्काम नसल्याने बस सकाळी दहाला येते आणि दुपारी परतते. मागच्या आश्विनात वर्धा जिल्ह्यातल्या एका गावी मी अशा बसच्या मागोमाग पोचलो. सोयाबीन काढणीचे दिवस होते. गल्लीतल्या आठ घरांपैकी सहांना कुलूप. उरलेल्या दोन घरांत एक म्हातारा आणि एक पाळण्यातले बाळ सांभाळणारी दहा वर्षांची पोर. विद्यार्थ्यांनी म्हाताऱ्याचा रक्तदाब दोनदा घेतला, पोरीचे वजन केले, आणि बाकीच्या दारांवर, पल्स पोलिओवाल्यांच्या जुन्या खडूच्या खुणेशेजारी, त्या दिवसाची तारीख घालून ते बसकडे वळले. म्हातारा त्यांना सांगत होता, 'सांजच्याला या, समदे असतात.'